पायाळूची नाणी

गोजराबाईच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नसत. भाकरी थापताना ती ताठ उभी राहत. अनसिंगच्या बाजारात ती वांगी तोलायला बसली, की नवखं गिऱ्हाईक तागडीपेक्षा त्या बोटांकडेच जास्त बघे. कुणी विचारलंच तर ती सांगे, मोटेच्या नाड्यात हात आला होता. हे साफ खोटं होतं. ती बोटं तिच्या दिरानं उखळाच्या काठावर धरून मुसळानं ठेचली होती. तीसुद्धा अशा नाण्यांपायी, की ज्यांच्या बदल्यात वाशीमच्या सोनारानं त्याला एक विडीदेखील दिली नाही.

सगळ्याचं मूळ तिच्या जन्मात होतं. गोजरा पायाळू होती, म्हणजे डोक्याऐवजी पायांकडून जन्माला आलेली. पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. एक, त्याचा पाय पाठीवर पडला की कंबरेत भरलेली उसण निघते. दोन, त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं. पहिलीनं कुणाचं फारसं बिघडत नाही. गोजरा चालायला लागली तेव्हापासून गावातले बापये तिच्यापुढे पालथे पडत आले. मिशीवाला पाटीलसुद्धा अंगणात पोटावर आडवा होई, आणि ती एवढीशी पोर परकर सावरून त्याच्या कंबरेत लाथ घाली. पाटलाला लाथ घालून वर गुळाचा खडा मिळवणारी त्या पंचक्रोशीत ती एकटीच असेल.

दुसऱ्या समजुतीनं मात्र तिच्या आयुष्याची माती केली.

तिचं माहेर रिसोडकडचं, माळ्याचं घर. विलायतेची राणी मरून रुपयावर तिच्या टकल्या पोराचं तोंड आलं होतं, त्या सुमाराची गोष्ट. मेथीच्या वाफ्यात निंदता निंदता गोजराला एक हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं मिळालं. तिनं ते थुंकी लावून पदराला घासलं तर त्याच्यावर हत्ती निघाला. सोंड वर केलेला, पोटाशी गोल. तिनं आजवर खरा हत्ती पाहिला नव्हता आणि पहिला पाहिला तो तळहातावर. ती धावत घरी गेली. ओसरीवर एक पाहुणा बसला होता. त्यानं विचारलं, हे कुठून आणलं गं? ती म्हणाली, "मले दिसलं."

दिसलं आणि सापडलं यात तुम्हाआम्हाला काही फरक वाटायचा नाही. पण पायाळूच्या तोंडून 'दिसलं' निघालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोहरांचा हंडा उभा राहतो. आईनं तिला आत ओढून दंडाला असा चिमटा काढला की निळा डाग पडला. "सापडलं म्हन," आई दात आवळून म्हणाली. "दिसलं कदी म्हनू नको. मरशीन." पण पाहुण्यानं ऐकायचं ते ऐकलं होतं. तो अनसिंगजवळच्या पुंजाजी माळ्याचा साडू निघाला.

पुंजाजीच्या मळ्याला लागून गावाची जुनी पांढरी होती. पूर्वी कधीतरी तिथे गाव नांदत होतं. ते उठलं आणि घरांच्या भिंती विरघळून पांढऱ्या मातीचं उंच टेकाड तेवढं राहिलं. ही माती खतासारखी कसदार असते, म्हणून माळी लोक ती खणून गाड्या भरतात आणि वाफ्यांत पसरतात. त्या टेकाडात धन आहे असं पुंजाजीच्या आज्यानं त्याच्या बापाला सांगितलं होतं आणि बापानं त्याला. फक्त दिसणारं माणूस घरात नव्हतं. पुंजाजी गोजराला मागणी घालायला गेला तेव्हा त्यानं हुंडा मागितला नाही, लग्नाचा खर्च स्वतः केला, आणि गोजराचा भोळा बाप देव पावला म्हणून त्याच्या पाया पडला. मुलीची किंमत कशावर ठरली हे बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवरा चंपत मात्र नशिबानं बरा मिळाला. मोट हाकणारा, गाणी म्हणणारा, बापापुढे मान खाली घालणारा. धाकटा दीर दौलत वेगळ्याच मातीचा होता. नावापुढे 'राव' त्यानं स्वतःच लावून घेतला होता आणि जो लावणार नाही त्याच्या बैलाच्या शेपटीला तो जळती चिंधी बांधी.

त्या घरात गोजराला नाण्यांचा नाद लागला. पांढरीची माती वाफ्यांत पडली आणि एखादी सर येऊन गेली, की ढेकळं विरघळत आणि मधूनच एखादी चकती उघडी पडे. दिवसभर वाकून निंदणाऱ्या बाईच्या नजरेतून ती सुटत नसे, एवढंच. त्यात कसली करणी? बाजारातही ती वेडेपणा करी. कुणी झिजलेला ढब्बू पैसा किंवा निजामाचं जुनं नाणं पुढे केलं तर इतर माळणी ते फेकून देत. ही ते घेई आणि वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घाली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं नाण्यांना चित्रांवरून नावं दिली होती. हत्तीवालं, झाडवालं, चांदवालं; आणि ज्याचं सगळं पुसलं गेलं होतं ते मुकं. सगळ्यांत जास्त जीव तिचा त्या मुक्यावर होता. ती ते अंगठ्यानं चोळत बसे आणि त्याच्यावर काय असेल याचा विचार करी. नाणी राहत वाळलेल्या भोपळ्यात, बियांच्या आत. माळ्याच्या घरात बियाण्याचे भोपळे आढ्याला टांगलेलेच असतात. तिकडे कोण बघतो?

या नादात तिला एक जोडीदारीण होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची धनीबाई. ती बाजारात डिंक विकायला येई. तिच्या चोळीवर, ओढणीवर, केसांच्या गोंड्यांवर सगळीकडे नाणी शिवलेली, चालली की छुमछुम. दोघी बाजार मोडल्यावर लिंबाखाली बसत आणि एकमेकींच्या नाण्यांची अदलाबदल करत. भांडण एकाच गोष्टीवरून होई. धनी हातात येईल त्या नाण्याला भोक पाडी.

"भोक पाडलं का नाणं आंधळं होते, धने."

"अन् तुह्या भोपळ्यात त्याले काय दिसते? अंगावर नाई त नाणं कायचं?"

दोघींपैकी कुणीही कधी हार मानली नाही आणि मैत्रीही मोडली नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर गोजराला मुलगी झाली, सोजर. आणि तीही पायांकडून आली. सुईण आवडाबाईनं आधी ते इवलेसे तळवे पाहिले आणि ती बोलायला तोंड उघडणार, तोच बाळंतिणीनं, ओली रक्ताळलेली असताना, तिचं मनगट धरलं. माजघराच्या दाराबाहेर पुंजाजी आणि दौलत उभे होते. गोजरानं उशाशी ठेवलेलं चांदवालं नाणं आवडाबाईच्या हातात कोंबलं. तिच्या सगळ्या नाण्यांत चांदीचं तेवढं एक. आवडाबाईनं बाहेर सांगितलं की लेकरू डोक्यानं आलं. त्या दिवसापासून गोजराला दुसरं काही नको होतं. आपलं जे झालं ते झालं, पण ही पोरगी पायाळू आहे हे कुणाला कळता कामा नये. एवढ्या एका गोष्टीसाठी ती जगत होती असं म्हटलं तरी चालेल.

सोजर रांगायला लागली होती तेव्हा तो भोपळा फुटला. दौलत आढ्यावरून कसला तरी दोर काढत होता. भोपळा खाली पडला, काकडीच्या बिया सगळीकडे उधळल्या आणि त्यांत नाणी खणखणली. दौलत आधी नुसता बघत राहिला. मग त्यानं एकेक नाणं गोळा केलं, वाशीमला सोनाराकडे नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पायी परत आला. सोनार हसला होता. तांबं आणि शिसं, रावसाहेब, बैलाच्या गळ्यात घाला. दुसरा कुणी असता तर इथे शहाणा झाला असता. दौलतनं उलटा हिशेब केला. रद्दी भोपळ्यात ठेवते म्हणजे सोनं दुसरीकडे ठेवते.

त्यानं गोजराला चुलीपासून केसांनी ओढत अंगणात आणलं.

"हंडा कुठी हाये, वैनी?"

"हंडा नाई, दौलतभाऊ. मातीत सापडते हे."

"सापडते, का दिसते?"

त्यानं तिचा डावा हात उखळाच्या काठावर दाबला आणि मुसळ उचललं. पहिल्या घावाला ती ओरडली, दुसऱ्याला तिचा आवाजच निघाला नाही. बोटांतून हाड पांढरं बाहेर आलं होतं. पुंजाजी ओसरीवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं आडकित्तासुद्धा खाली ठेवला नाही.

चंपत मोटेवरून धावत आला, पाय चिखलानं भरलेले. जन्मात पहिल्यांदा त्यानं भावाच्या अंगाला हात लावला. दौलतच्या हातात मुसळ होतंच. ते त्यानं फिरवलं आणि ते चंपतच्या कानशिलावर बसलं. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. चंपत उभ्या उभ्याच खाली बसला, गोजराकडे बघत, आणि मग एका कुशीवर कलंडला. गोजरा त्याच्यापर्यंत सरपटत गेली. त्याच्या कानातून येणारं रक्त ती पदरानं टिपत राहिली, जसं काही ते पुसलं की थांबणार होतं. दिवस बुडायच्या आत तो गेला.

दोघा बापलेकांनी त्याला उचलून विहिरीत टाकलं आणि मग बोंब ठोकली की मोट हाकताना पाय घसरला. गावाहून पोलीस पाटील पंचांना घेऊन आला. दौलत सोजरला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या मानेवरून तो हळूहळू हात फिरवत होता, लाड केल्यासारखा. त्यानं वहिनीला आधीच पढवलं होतं. पाटलानं विचारलं आणि गोजरा त्या मानेवरच्या हाताकडे बघत म्हणाली, "मले काई दिसलं नाई."

पाटलानं मान डोलावली. ठेचलेल्या बोटांबद्दल त्यानं विचारलं नाही. बायकांच्या बोटांचं पंचनाम्यात काय काम? गोजरानं मात्र ते वाक्य जपून ठेवलं.

विधवा बाई जाणार कुठे? बाप मेला होता, माहेरी भाऊ नव्हता. ती त्याच घरात राहिली. त्याच माणसाला जेवायला वाढत राहिली. ही गोष्ट ऐकणारे इथे हमखास नाक मुरडतात. मुरडोत. तुमच्या लेकरावर असा हात ठेवलेला असता तर तुम्हीही वाढलं असतं. सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट अशी की दौलतला उसण भरली की तो तिलाच बोलावी. अंगणात पालथा पडे, आणि ती नवऱ्याच्या मारेकऱ्याच्या पाठीवर पाय ठेवून हलकेच दाबी. पायाखालचा त्याचा मणका तिला एकेक लागे.

धन मागणं त्यानं सोडलं नव्हतं. रिसोडकडचा एक मांत्रिक त्यानं धरला होता. तो येई, गोजराच्या डोळ्यांत कसलंसं अंजन घाली, आणि ती आगीनं तळमळत भिंतीवर डोकं आपटे. काही दिसत नाही म्हटलं की दौलत लाथा घाली. दिवाळी असो की पोळा, हे चाललंच होतं. ती नाही म्हणत राहिली. कारण हो म्हणून खोटी जागा दाखवली असती आणि तिथे काही निघालं नसतं, तर पुढे काय झालं असतं हे तिला ठाऊक होतं. नाणी तिनं पुन्हा जमवली नाहीत. मिळालं तर ती ते टाचेनं मातीत दाबून टाकी. तिचा जीव तुटे, पण दाबी.

सोजरला तिनं बोलायला शिकवतानाच शिकवलं होतं की काही मिळालं तर सापडलं म्हणायचं. पण पोरगी ती पोरगी. भादव्यातली गोष्ट. दौलत बांधावर विडी ओढत होता, गोजरा मिरची तोडत होती. सोजर टेकाडाकडून ओरडत आली, मूठ उंच धरून. "माय, पाह्य ना वो, मले दिसलं!"

गोजरानं अशी मुस्काटात मारली की पोरीचा ओठ फाटला. तिनं आजवर लेकीला बोटही लावलं नव्हतं. सोजर रडलीसुद्धा नाही, नुसती आईकडे बघत राहिली आणि तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळत राहिलं. मुठीतून हत्तीवालं नाणं खाली पडलं.

चूक इथे झाली. पोरीची नव्हे, आईची. गोजरा हसली असती, 'वेडी पोट्टी' म्हणाली असती, तर दौलत विडी ओढत राहिला असता. त्या थपडेनं त्याला सांगितलं. तो उठला तो सरळ आवडाबाईच्या घरी गेला. म्हातारीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ते चांदवालं नाणं होतं. इतकी वर्षं तिनं ते चोळीत लपवलं होतं, पण म्हातारपणी कुठलं भान राहायला? हे कुणी दिलं आणि कशापायी दिलं, एवढंच त्यानं विचारलं. मग दोरा मनगटाभोवती गुंडाळत नेला. म्हातारीचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दौलत सोजरसाठी नवं परकर-पोलकं घेऊन आला. जिलबी आणली. तिला खांद्यावर बसवून गावातून मिरवली. मांत्रिक येऊन राहिला होता. आवडाबाई काठी टेकत, मानेवर दोऱ्याचा लाल वळ घेऊन, मळ्याच्या कुंपणापाशी आली आणि रडत रडत बोलली.

"बाई, आता त्यायले तुह्या डोयाचं काम नाई. धन जीव मांगते म्हने. लहान पायाळूचा. सर्वपित्रीले."

सर्वपित्री अमावास्या तोंडावर आली होती. गोजरानं पळून जायचा विचार केला, पण सोजर आता दौलतच्या खाटेशी झोपायची आणि दार आतून लागायचं. विहिरीचाही विचार केला. मग ती भाजीला माती आणायच्या निमित्तानं टेकाडावर चढली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली.

टेकाडाची मळ्याकडची बाजू वर्षानुवर्षं खणून आत पोखरली गेली होती. वरचा भाग पुढे आलेला, खाली पोकळ. पांढरी माती वाळली की भिंतीसारखी उभी राहते, पण पावसाळाभर पाणी पिऊन ती जड होते. माथ्यावर, गवतात, एक भेग पडली होती. गोजरानं तिच्यात काडी घातली. काडी पूर्ण आत गेली. तिनं गवत परत सारखं केलं.

सर्वपित्रीला तिनं पहाटेपासून स्वयंपाक केला. वडे, खीर, चंपतच्या आवडीची गवाराची भाजी. नवऱ्याचं पान वाढून ती बाहेर आली. सोजर नव्या कपड्यांत, कपाळभर कुंकू लावून, मांत्रिकाशेजारी बसली होती. ती आळसावल्यासारखी डुलत होती. तिला काहीतरी पाजलं होतं. गोजरा दौलतपुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं ते उच्चारलं. तिची आई ज्यापायी तिला चिमटे काढून मेली, ते.

"पोट्टीचं काई काम नाई, दौलतभाऊ. मले दिसून राह्यलं."

ओसरीवर पुंजाजीनं आडकित्ता खाली ठेवला.

"आतालोक काहून नाई दिसलं?"

"दिसत होतं. जीव जाईन तरी सांगनार नव्हतो. आता लेकीचा जीव चाल्ला म्हून सांगतो. टेकाडाच्या बुडाशी, पोकळीत. मातीचा रांजन हाये. पोट्टीले धनीजवळ देजा, मंग जागा दावतो."

मांत्रिक कुरकुरला, पण दौलत केव्हाच उठून उभा राहिला होता. इतक्या वर्षांची भूक होती ती. धनीबाई डिंकाची टोपली घेऊन कुंपणाबाहेर उभीच होती. गोजरानं सकाळीच तिला निरोप धाडला होता. तिनं पोरीला उचललं आणि छुमछुमत विहिरीपलीकडे गेली. पोरगी दूर गेलेली पाहिली आणि मगच गोजरा टेकाडाकडे वळली.

ऊन माथ्यावर होतं. मांत्रिक बाहेर लिंबू-नारळ मांडून बसला. दौलतनं कुदळ घेतली आणि पोकळीत शिरायच्या आधी, सवयीनं, तो जमिनीवर पालथा पडला. खणताना उसण भरू नये म्हणून. "पाय ठेव, वैनी." गोजरानं पाय ठेवला. नेहमीसारखाच, हलका, कंबरेच्या वर. मग ती बाजूला झाली.

तो आत खणू लागला. मातीचा एक लपका पडला, दुसरा पडला. त्यानं घामेजलं तोंड बाहेर काढून विचारलं, अठीच का? ती म्हणाली, आत. तो आणखी आत गेला. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, अजून आत. त्याला कुदळीला काही लागल्यासारखं वाटलं. तो आनंदानं ओरडला. कदाचित खापर असेल, कदाचित दगड. तेवढ्यात वर भेगेपाशी गवत हललं आणि आख्खं टेकाड, मोठा आवाजही न करता, खाली बसलं.

मांत्रिक नारळ तिथेच टाकून जो पळाला तो त्या मुलखात परत दिसला नाही. धुरळा बसला. मातीतून एक हात कोपरापर्यंत बाहेर राहिला होता. बोटं मिटत होती आणि उघडत होती. कुदळ जवळच पडली होती. गोजरानं ती उचलली नाही. हाकेच्या अंतरावर गाडीवाले होते, तिनं हाक मारली नाही. तिला भीती वाटली नाही, दया आली नाही, आणि आनंदही झाला नाही, हे तिनं पुढे धनीला सांगितलं. तिनं आपली न मिटणारी बोटं पदराखाली घेतली आणि त्या हाताकडे, तो थांबेपर्यंत, बघत उभी राहिली. मग ती घरी गेली आणि चंपतचं पान घेऊन बांधावर ठेवून आली.

वाशीमहून फौजदार आला. तू तिथेच होतीस ना, त्यानं विचारलं. होतो, ती म्हणाली. मग कसं घडलं ते सांग. गोजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मले काई दिसलं नाई, साहेब."

पंचांत तोच पोलीस पाटील बसला होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं पुन्हा मान डोलावली.

प्रेत काढायला लोकांनी माती उपसली, तेव्हा तिच्यात पुष्कळ नाणी निघाली, सगळी तांब्या-शिशाची. कुणी हात लावला नाही. गोजरानं ती ओंजळीत भरून नेली आणि नवा भोपळा आढ्याला टांगला. पुंजाजी त्यानंतर तिच्या हातचं जेवताना आधी कुत्र्याला घास टाकी. त्यानं तसं करावं अशीच तिची इच्छा होती. तो मेल्यावर मळा तिच्या हातात आला. गावात कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. पायाळूला धन दिसतं हे लोक विसरले. तिला मरण दिसतं, असं आता ते म्हणत, आणि तिनं एखादी गोष्ट दिसली म्हणून सांगितली की त्यावर दुसरा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढे दुसरी मोठी लढाई लागली आणि सरकारनं मधे भोक असलेला पैसा काढला. धनीबाई तो घेऊन धावत मळ्यात आली आणि हसून हसून बांधावर बसली. पाह्य गोजरे, सरकारले बी माह्यं पटलं. गोजरानं तो पैसा उन्हात धरून भोकातून सगळा मळा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा वादात हरल्याचं कबूल केलं.

त्याच साली सोजर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ओठावरचा तो वण अजून होता. कळा लांबल्या म्हणून तिची सासू तुळसाबाई बैलगाडीनं येऊन ओसरीवर बसली होती. आवडाबाई केव्हाच गेली होती. गोजरानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

दिवस चांगला वर आला तेव्हा लेकरू आलं. आधी दोन तळवे आले, चिमूटभर, निळसर. गोजराचे हात एक क्षण थांबले. सोजरनं मान उचलून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती भेदरली. गोजरानं बोटांची पर्वा न करता लेकराला धरलं, वळवलं, ओढलं, उलटं धरून पाठीवर थापटलं. मुलगी होती. ती रडली.

"कसं आलं वो लेकरू?" तुळसाबाईनं दाराबाहेरून विचारलं. "डोक्याकून का पायाकून?"

सोजरनं आईचा पदर मुठीत गच्च धरला. गोजरानं नाळ बांधली, नातीला पदरात गुंडाळलं आणि उठून दार उघडलं. ओसरीवर बायका उभ्या होत्या, सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत.

"डोक्याकून," ती म्हणाली. "मले दिसलं."

कुणीही पुढे काही विचारलं नाही.